हात हलायच्या आत

हत्तुऱ्यांच्या दुकानात, नव्या पेठेत,
काचेवर दोन कॅमेरे.
एक साबणाच्या वडीएवढा, चंदेरी,
पर्समध्ये टाकला तर सुट्ट्या पैशांत हरवेल असा.
दुसरा काळा, नाक पुढं आलेला,
पट्ट्यावर पिवळ्या अक्षरांत कंपनीचं नाव.
साडेसात हजार. आणि सव्वीस.
माझ्याकडे भिशीचे एकोणीस होते
आणि बोनस यायचा होता.

"दोन्ही बाराच मेगापिक्सेल ओ ताई,
मग उगं जड कशाला उचलताव?"
मी हसले.
चौकटी भरणं हाच माझा धंदा.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी टॉवेलचे ग्राफ काढते,
एक चौकट, एक धागा,
आणि चौकटी वाढवल्या म्हणून मोर नाचत नाही.
ज्याला मोर दिसतच नाही
त्याचं शंभर चौकटींत बदक होतं,
हजारांत मोठं बदक.

मी विचारलं, बटण दाबल्यावर किती वेळानं निघतो?
"लगेच की. दाबलं की निघतंय."
म्हटलं, जरा काच पुसा.
ते पुसत राहिले, इकडून तिकडं,
मी लहान्याचं बटण दाबलं.
तो आधी विचारात पडला,
हिरवी चौकट लागली,
मग कुठं क्लिक.
फोटोत नुसती काच. स्वच्छ.
मग काळ्याचं. खट्.
हात होता. अंगठीतलं पोवळंसुद्धा.

माझी आई विड्या वळते.
पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी,
टोक दुमडायचं, दोऱ्याचे वेढे...
मी हे सांगेपर्यंत तिच्या दोन झाल्या.
अडतीस वर्षं, रोज हजाराच्या आसपास,
छाटीत गेलेल्या वेगळ्या,
आणि घरात तिच्या हातांचा एक फोटो नाही.
आहेत ते लग्नांतले. हात पदराखाली.

पण मोठा कॅमेरा दिसला की ती सूप बाजूला सारते,
हात धुऊन येते,
मतदान कार्डासाठी बसल्यासारखी
भिंतीला टेकून मान ताठ करते.
लहान्याला ती भीत नाही.
लहान्याला ती सापडत नाही.

तीन शनिवार मी गेले.
तिसऱ्या खेपेला हत्तुऱ्यांनी चहा मागवला नाही.
भाऊ म्हणाला, लहान घे,
गड्ड्याच्या गर्दीत कुणी मारलाच
तर साडेसातच जातील.
त्याचंही बरोबर होतं.
रात्री मी ग्राफच्या कागदामागं दोन रकाने आखले,
एका बाजूला काय काय लिहिलं,
दुसऱ्या बाजूला लिहिलं: अम्मा.
ती कुठल्या बाजूला, हे मात्र ठरेना.

शेवटी आणला. काळाच.
सव्वीसचे पंचवीस, आणि उरलेले दोन हप्त्यांत.
आणला, पण फोटो काढला नाही.
आईच्या समोर फळीवर, तंबाखूच्या डब्याशेजारी ठेवला,
झाकण काढून, तोंड तिच्याकडं.
दोन दिवस ती त्याला पाठ करून बसली.
तिसऱ्या दिवशी त्याच्यावर फडकं टाकलं.
मग ते फडकं तिला हात पुसायला लागलं.
मधले दिवस मला आठवत नाहीत,
कारखान्यात निर्यातीची ऑर्डर होती.
पुढच्या गुरुवारी बघते तर
दोऱ्याचं रीळ ठेवायला तिला जागा नव्हती म्हणून
तिनं ते कॅमेऱ्यावर ठेवलेलं.

आता याला रीळ लागत नाही, हत्तुरे सांगत होते.
मी रीळ उचललं.
खट्.

मान वर न करता ती म्हणाली, "अयिंदा?"
झालं का.
कुणाचं झालं का, ते विचारलं नाही मी.
खोलीत एकच बल्ब, तोही जुना,
मागच्या पडद्यावर बघितलं:
पान अर्धं वळलेलं, नखावर दोऱ्याची खाच,
अंगठा जरा हललेला.

तरी होता.